धुरांड्याची फाईल

सरकारी कागदात वाङ्मय नसते, असे म्हणणाऱ्यांनी औष्णिक वीजकेंद्रांच्या गंधकाची फाईल वाचलेली नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. उभी हयात टिपण्या लिहिण्यात गेलेला हा गृहस्थ दुसऱ्या खात्याचे कौतुक सहसा करत नाही. पण या फाईलपुढे त्यांनीही हात टेकले. “अहो, दहा वर्षांत बहुतेक धुरांड्यांना कुणी बोट लावलं नाही, आणि फाईल मात्र एकदाही झोपली नाही. आमच्या वेळी काम न करायचं तर फाईल दाबून ठेवावी लागे. हे लोक ती पळवून पळवून काम थांबवतात!”

कथानक साधे आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली, की कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आवरा. उपाय जगभर वापरलेला. धूर वर चढण्याआधी त्यावर पाण्यात कालवलेली चुनखडी फवारायची, गंधक तिच्यात अडकतो आणि खाली जिप्सम उरतो. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. मुदत दिली दोन वर्षे.

“पहिली मुदत जाहीर करायची असते,” हेडक्लार्क म्हणाले, “पाळायची नसते.”

२०१७ संपत आले तशी मुदत टप्प्याटप्प्याने २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतली ती अ वर्गात. अतिप्रदूषित पट्ट्यांच्या आणि हवेत नापास झालेल्या शहरांच्या तितक्याच जवळची ब वर्गात. उरलेली सगळी क. इथे हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. “वर्गवारी केली की प्रत्येक वर्गाला वेगळी मुदत देता येते. म्हणजे मुदतवाढही वेगळी!” ती मिळालीच. २०२२ मध्ये आणखी दोन वर्षे, आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी आणखी तीन. अ वर्गाची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. पूर्ण एक दिवस हातात राखून हुकूम निघाला, आणि तरी लोक म्हणतात सरकारला वेळेचे भान नाही.

११ जुलै २०२५ ला कळस चढला. क वर्गाला माफी. क वर्ग म्हणजे देशातली सुमारे ७८ टक्के युनिटे. ब वर्गातल्या ११ टक्क्यांचे प्रकरणपरत्वे पाहू, आणि राहिलेल्या ११ टक्क्यांनी डिसेंबर २०२७ पर्यंत यंत्रणा बसवावी.

कारणे वाचण्यासारखी आहेत. आपल्या कोळशात गंधक मुळात कमी. हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आतच. आणि तिसरे कारण असे, की एफजीडी चालवायला वीज लागते, विजेला जादा कोळसा लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणजे हवामानबदलाला हातभार! गंधक रोखू नये, कारण पृथ्वी तापेल. मुद्दा अगदीच खोटा नाही, थोडा कार्बन वाढतो हे खरे, आणि म्हणूनच तो इतका कामाचा आहे. कोळशाची नवी खाण मंजूर होताना हीच पृथ्वी तापत कशी नाही, एवढे विचारू नये.

मर्यादेच्या आत असण्याचे गुपित मात्र हेडक्लार्कांनीच फोडले. धुरांड्यातून सुटलेला सल्फर डायऑक्साइड वाटेत हवेतल्या अमोनियाशी वगैरे संगनमत करून सल्फेट होतो, आणि अतिसूक्ष्म धूलिकण बनून शेकडो किलोमीटरवरच्या माणसाच्या फुप्फुसात उतरतो. “म्हणजे लेखाशीर्ष बदललं हो! गंधकाच्या खात्यातून निघाला, धुळीच्या खात्यात जमा झाला. गंधकवाले म्हणणार, आमच्याकडे शिल्लक निरंक.”

धुळीच्या खात्याचे वेगळेच चालले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातला पैसा कुठे गेला, याचा हिशेब दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये मांडला. सुमारे ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर. झाडण्याची यंत्रे, पाणी मारणारे टँकर, रस्त्यांचे काँक्रीट. चंद्रपूरच्या आकाशातला सल्फेट नागपूरच्या रस्त्यावर झाडूने कसा गोळा करतात, हे शिकण्यासाठी एखादा परदेश दौरा निघायला हरकत नाही.

चंद्रपूरचे नाव निघालेच आहे तर सांगतो. २,९२० मेगावॉटचे वीजकेंद्र उशाशी घेऊन झोपणारे हे शहर अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे आणि हवेत नापास झालेल्या शहरांच्या यादीतही. दोन याद्यांत नाव लागले, तरी वर्ग ब. म्हणजे प्रकरणपरत्वे. तज्ज्ञांची समिती बसेल, तोवर चंद्रपूरकरांनी श्वासही प्रकरणपरत्वे घ्यावा.

क वर्गाला अगदीच मोकळे सोडलेले नाही हं. एक अट आहे, धुरांडे पुरेसे उंच हवे. ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या युनिटला २७५ मीटर. ही अट ऑगस्ट १९९० च्या अधिसूचनेतली, आणि ती पूर्ण करायला मुदत ३१ डिसेंबर २०२९. बोटांवर मोजून हेडक्लार्क म्हणाले, “एकोणचाळीस वर्षं! एवढ्यात माझी नोकरी सुरू होऊन पेन्शनसुद्धा लागलं असतं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये भारताने जाहीर केलेले निव्वळ शून्य उत्सर्जनाचे साल २०७० आहे, हे आम्ही सांगितल्यावर तर ते उभेच राहिले. त्या वर्षी मुदतवाढ मागायची वेळ आली, तर आज शब्द देणाऱ्यांपैकी जाब द्यायला कोण हजर असेल?

कायद्यानेही कृपादृष्टी ठेवली आहे. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आदेश मोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षे कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. तुमच्या आमच्या स्कूटरचे मात्र तसे नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसी संपली असेल तर आजच काढा. स्कूटरला क वर्ग नाही.

पाववाल्यालाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. लाकडाचा धूर गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो, तेव्हा भट्टी बदलायला हवीच, त्यात वाद नाही. पण सहा महिने! आमच्या गल्लीतला बेकरीवाला नोटीस घेऊन हेडक्लार्कांकडे आला. त्यांनी ती दोनदा वाचली. “तुझी चूक एकच. तुझं धुरांडं फार बुटकं आहे.”

मग त्यांनी स्वतःच अर्ज लिहायला घेतला. विषय : भट्टीचा क वर्गात समावेश होणेबाबत. महोदय, लाकडात गंधकाचे प्रमाण नगण्य आहे. भट्टी बदलल्यास नवीन भट्टीच्या पोलादनिर्मितीत कार्बन उत्सर्जन होऊन जागतिक तापमानवाढीस चालना मिळेल, ते अर्जदाराच्या मनास पटत नाही. सबब, धुरांड्याच्या उंचीची अट पूर्ण करण्यास ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत मुदत मिळावी ही विनंती. सोबत विहित नमुना जोडला.

बेकरीवाल्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि नमुन्यावर बोट ठेवले.

“साहेब, बाकी सगळं भरतो. हे मेगावॉटच्या रकान्यात किती पाव लिहू?”