आम्ही एक जूनवाले

माझ्या गरिबीची आमच्या घरात फार दहशत आहे. नातवाने ताटात भाजी टाकली की मी नुसता घसा साफ करतो; सून लगेच त्याला म्हणते, "खा रे बाबा, नाहीतर आजोबांचा दुष्काळ सुरू होईल." १९७२ साली मी शेवगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत होतो, माझं भांडवल काय ते एवढंच. त्यावर आजवर मी जेवढं व्याज खाल्लंय तेवढं कुठल्या सावकारानेही खाल्लं नसेल. शाळा मूळची आमच्या गल्लीच्या टोकाला. आईने दारातून मारलेली हाक वर्गात ऐकू यायची. सांगता सांगता मात्र ती शाळा अमरापूरच्या रस्त्याने सरकू लागली आहे. मधे एक ओढा आला, ओढ्याला पूर आला, आणि परवा तर डोक्यावर दप्तर धरून मी त्या पुरातून पोहत गेल्याचं मला माझ्याच तोंडून कळलं. ज्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी पूर कुठून आला, असं नातवाने विचारलं. पोरगं इंग्रजी माध्यमात आहे, शंका फार काढतं.

पण मी शाळेत गेलो कसा, हे आधी सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर माझ्या जन्मतारखेपाशी जरा थांबावं लागेल. घरचे लोक इथे उठून जातात. तुम्ही बसा.

जूनमध्ये गुरुजी पोरं गोळा करायला गल्लीत आले. मला उभं करून त्यांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला लावला. बोटं कानाला टेकली की पोरगं पहिलीला लायक. माझी टेकली. माझ्या आयुष्यातली ही पहिली परीक्षा आणि पहिल्याच झटक्यात उत्तीर्ण होण्याची शेवटची. मग गुरुजींनी रजिस्टर उघडलं आणि जन्मतारीख विचारली. आईने आजीकडे पाहिलं. आजीने आढ्याकडे पाहिलं.

"कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या आदल्या साली," आजी म्हणाली. "त्या साली धोंड्याचा महिना आला व्हता. धोंडा सरला, आन् पोळ्याला बैलं मिरवीत व्हती तवा हे रडाया लागलं."

मोठेपणी मी हे सगळं पंचांगात पडताळून पाहिलं. भूकंप डिसेंबर १९६७ चा, आदल्या साली अधिक श्रावण होता, आणि पोळा पडला होता सप्टेंबरच्या मध्यावर. म्हातारीने तिथी, सण, अधिकमास आणि भूगर्भशास्त्र अशा चारी बाजूंनी साक्ष दिली होती. गुरुजींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६६. पहिलीत यायला सहा वर्षं भरलेली हवीत, आणि सप्टेंबरपर्यंत माझ्यासाठी थांबायला गुरुजींना वेळ नव्हता. त्या सकाळी गल्लीतली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मली. एकाच दिवशी इतकी बाळंतपणं करून सुइणीची काय अवस्था झाली असेल!

या तारखेने मला काय काय दिलं ते ऐका. माझ्या लग्नात कुंडली जुळवली ती शाळेच्या दाखल्यावरून. वेळ ठाऊक नव्हती, म्हणून ज्योतिषीबुवांनी स्वतःच पहाटेची सोयीस्कर वेळ घातली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. बायकोचे गुण त्या गुरुजींच्या हस्ताक्षराशी जुळले होते, माझ्याशी नव्हे, हे तिच्या लक्षात यायला पुढे फार काळ लागला नाही. वर्तमानपत्रात इंग्रजी तारखेवरून भविष्य येतं, त्यात एक जूनची रास मिथुन. मिथुनेची माणसं म्हणे तल्लख, वाक्पटू, सभा जिंकणारी. मी नोकरीभर त्या भरवशावर बोलत राहिलो. सभेला लोक पेंगू लागले की मला लोकांचीच कीव यायची. आजीच्या हिशेबाने माझी रास कन्या निघते. त्या राशीची माणसं काटकसरी आणि कटकटी असतात असं छापलेलं असतं, म्हणून ते भविष्य मी वाचतच नाही.

आणि निवृत्ती! ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, त्याला सरकार आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी पाठवतं. म्हणून एकतीस मे हा महाराष्ट्रात नारळ, शाल आणि गहिवराचा दिवस आहे. त्या दिवशी सत्काराला दालन मिळत नाही, हार मिळत नाहीत, आणि वक्ते एका समारंभातून दुसऱ्यात पळत असतात. माझ्या निरोपाच्या भाषणात एका वक्त्याने मी बांधलेल्या पुलाचं कौतुक केलं. मी कारकून होतो. पूल बांधणाऱ्याचा समारंभ शेजारच्या दालनात होता. तरीही मी मान खाली घालून विनयाने हसलो. पूल काही वाईट नव्हता. पण मुद्दा पुलाचा नाही. आजीचं खरं धरलं असतं तर मी सप्टेंबरअखेरपर्यंत खुर्चीवर असतो. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चार महिन्यांचा पगार महागाई भत्त्यासकट गुरुजींच्या टाकाच्या एका फटक्यात गेला. गुरुजी आज असते तर पाया पडलो असतो, आणि वाकल्या वाकल्या हिशेबही मागितला असता.

असो. निवृत्तीनंतर लेकीकडे इंग्लंडात रेडिंगला गेलो. तिथे बागेत बाकावर एक म्हातारबुवा रोज भेटत. ऐंशीला टेकलेले. पहिले दोन दिवस हवामानावर गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हणून त्यांच्या लहानपणीची गरिबी काढली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्या तोडीचा माणूस भेटला होता.

ते १९५० च्या सुमारास शाळेत गेले. युद्ध जिंकून पाच वर्षं झाली तरी मटण, लोणी, साखर, सगळं कूपनावर. पोरांच्या गोळ्या-चॉकलेटांनासुद्धा रेशन. गोळ्या मोकळ्या झाल्या फेब्रुवारी १९५३ मध्ये, मटण तर जुलै १९५४ मध्ये. दीडशे वर्षं आमच्याकडून नेलेलं सगळं मग गेलं कुठं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण माणूस मनापासून बोलत होता आणि माझी पाळी यायची होती. शाळेत १९४६ च्या कायद्याने रोज फुकट दूध मिळे, पाव लिटरला थोडी कमी अशी बाटली. थंडीत ते गोठे, मग बाई बाटल्या शेगडीशी मांडत, आणि ते कोमट, वासाचं दूध संपवल्याशिवाय खेळायला सुटका नसे.

"गोळ्या नव्हत्या," मी म्हणालो, "पण आमच्याकडे पेन्सिली होत्या. आम्ही त्या खात असू."

म्हातारबुवा जरा सरकून बसले. पाटीवरच्या पेन्सिलीला पावसाळ्यातल्या मातीसारखी कशी चव असते, ते मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं. मग मी मिलो काढला. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. तिकडे म्हणे ती डुकरांना घालतात, असं गावात जो तो सांगायचा आणि सांगून झालं की रांगेत उभा राहायचा. म्हातारबुवांनी शेवटचं अस्त्र काढलं: त्यांच्या घराला संडास बाहेर अंगणात होता, आणि बर्फात रात्री तिथे जावं लागे.

"आम्हाला आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता," मी म्हणालो. "आम्हाला तालुका होता."

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. दुसरं महायुद्ध आपणच जिंकलं अशा चालीने मी घरी आलो. संध्याकाळी लेक दारातून ओरडली, "बाबा, तुम्ही त्या आजोबांना काय सांगितलंत? ते दाराशी बिस्किटांचे दोन पुडे ठेवून गेलेत."

बिस्किटं चांगली होती. पण ती खाताना मला सुकडी आठवली, सुकडीबरोबर आक्का आठवली, आणि आक्का आली की माझ्या गोष्टीतला पूर ओसरतो.

आक्का माझी थोरली बहीण. मी पहिलीत गेलो तेव्हा ती त्याच शाळेत सहावीत होती. रजिस्टरात ती १ जून १९६० ची. तिला माझ्या बोटाला धरून न्यावं लागे, कारण शाळा गल्लीच्या टोकाला असली तरी मी मधल्या ओट्यावर बसकण मारायचो. शनिवारी मुली वर्ग शेणाने सारवायच्या. पोरांनी शेण आणायचं असा नियम होता, पण पोरं शेण आणायला जायची ती थेट सोमवारी यायची. सारवलेल्या वर्गाच्या दारात बसून आक्का मला पाढे शिकवायची. दशमान पद्धत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या गुरुजींचा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्यावरचा जीव उडाला नव्हता, आणि सगळ्यांत वर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. माणूस जगायला साडेतीनचा पाढा कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही. आक्काला तो उलटा येत होता. अख्ख्या शाळेत तिला एकटीला.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि ती आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, असं पुस्तकात वाचतो. त्यातल्या दोन आमच्या घरच्या. बारा वर्षांच्या पोरीला मस्टरवर घेता येईना. मुकादमाने तिला एकदा खालीवर पाहिलं आणि वय लिहिलं, अठरा. शाळेत बारा, खडीवर अठरा. कानाला हात लावून बघायचीही गरज पडली नाही. मी नातवाला सांगतो की दुष्काळात आम्ही खडी फोडली. खडी आई आणि आक्काने फोडली. मी सुट्टीच्या दिवशी ढिगावर बसून सुकडी खायचो. गोडसर, खमंग, गरम पीठ. ते मला शाळेतही मिळायचं, आणि संध्याकाळी आक्का परकराच्या ओच्यात बांधून तिच्या वाटणीचंही आणायची. "मला न्हाई आवडत," म्हणायची. मी त्यावर विश्वास ठेवायचो. अजूनही तोच विश्वास बरा वाटतो.

पाऊस १९७३ ला चांगला झाला. शाळा होती तिथेच होती, हाकेच्या अंतरावर. माझं दप्तर नव्या कापडाचं शिवलं गेलं. आक्काला परत शाळेत घालावं, असं आईच्या, वडिलांच्या, गुरुजींच्या, कोणाच्याच डोक्यात आलं नाही. रजिस्टरात तिच्यापुढे 'नाव कमी केले' असं लिहिलं होतं, तेही त्याच वळणदार अक्षरात. चार महिन्यांच्या पगारासाठी मी आजही चरफडतो. या एका ओळीसाठी घरात कोणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आणि दुष्काळावर तरी किती ढकलायचं? आजही दिवाळी सरली की आमच्या नि पाथर्डीच्या बाजूने ऊसतोडीच्या गाड्या निघतात, त्यात भांड्याकुंड्यांवर कोणाची तरी आक्का बसलेली असतेच.

आक्का आता बालमटाकळीला असते. नातवंडं, शेळ्या आणि गुडघे सांभाळते. तिच्या जन्मतारखेला सबंध आयुष्यात सरकारदरबारी एकच काम होतं, पासष्टी भरली की एसटीत अर्धं तिकीट. त्याच्याआधीच, २०२३ मध्ये, सरकारने सरसकट सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं. तारीख बिचारी वाट बघत राहिली. दर एक जूनला मी तिला फोन करतो. आम्हा दोघांचाही तो खोटा वाढदिवस, तेव्हा दोघांत मिळून एक तरी साजरा व्हावा.

"आक्के, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"मला कशाच्या? मला काय रिटायर व्हायचंय?"

मग ती गुडघ्यांचं सांगते, मी रक्तदाबाचं सांगतो. यंदा मी जरा फुशारकीने म्हणालो, "आक्के, मी आपल्या शाळेवर लेख लिहितोय. पाटी, सुकडी, औटकी, सगळं घेतलंय त्यात."

"औटकी?" ती म्हणाली. "औट सत्ते किती रं, बाळू?"

मी कानाचा फोन काढून त्यातला कॅल्क्युलेटर शोधू लागलो. चुकून फोनच बंद झाला. तिने परत लावला.

"साडेचोवीस," ती म्हणाली. "आन् हे म्हणं कचेरीत हिशेबाला व्हते!"