तरुणांची गरज

माजी विद्यार्थी व्हायला काही करावं लागत नाही. दाखला काढायला गेलं की खिडकीतले भाऊसाहेब अनामत रकमेतूनच माजी विद्यार्थी संघाच्या आजीव सदस्यत्वाची वर्गणी कापून घेतात आणि आपण जन्माचे माजी होतो. संघाच्या कार्यकारिणीवर जायला मात्र कुणीतरी हेरावं लागतं. मला आमच्या विभागप्रमुख सरांनी हेरलं. नोकरी लागलेली नाही, म्हणजे वेळ असणार, हा त्यांचा हिशेब. तोंडाने ते म्हणाले, "संघाला तरुणांची गरज आहे."

एवढी गरज एकाएकी का उपटली, ते लवकरच कळलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक येणार होतं. नॅकच्या पाचव्या निकषात तेव्हा ५.४ हा खास माजी विद्यार्थ्यांचा मुद्दा असायचा. संघ नोंदलेला आहे का, त्याने कॉलेजला काय दिलं, वगैरे. शिवाय समिती आली की माजी विद्यार्थ्यांशी गप्पाही मारायची. समोर सगळेच पंचाहत्तरीचे बसले, तर कॉलेज मध्यंतरी बंद होतं की काय अशी शंका येणारच.

पहिली सभा चारची होती. चार वाजता हजर मी, कोषाध्यक्ष काका आणि पंखा. काका १९७३ च्या बॅचचे. त्यांनी वहीत सही केली, घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. साडेचारला याच जागी पुन्हा भरेल. तिला गणपूर्तीची अट नाही."

"मग साडेचारलाच का नाही बोलवत?"

"मग पाचला भरवावी लागेल."

मधल्या वेळात त्यांनी मला इतिवृत्त लिहायला बसवलं. सभा व्हायची होती खरी, पण मागच्या वर्षीचं इतिवृत्त समोर होतं. तारीख तेवढी बदलायची. 'आभारप्रदर्शनानंतर सभा संपली' हे वाक्य मी लिहिलं, तेव्हा अध्यक्ष जिना चढत होते.

तरुण प्रतिनिधीची कामं ठरलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा, पीडीएफ फिरवायच्या, अध्यक्षांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून द्यायची. आणि देणग्या. मी आमच्या बॅचला फोन लावले. ज्यांना नोकरी लागली होती ते म्हणाले, आधी पगार तर होऊ दे. ज्यांना लागली नव्हती त्यांनी संघच कुठे चिकटवतो का, ते विचारलं. एकाने शंभर रुपये पाठवले आणि पावतीसाठी तीनदा फोन केला. काकांच्या बॅचचं तसं नाही. ती मंडळी एका फोनवर वॉटर कूलर देतात; अट एकच, वडिलांच्या नावाची पाटी. आमच्या कॉलेजात पोटभर पाणी प्यायलं की निम्म्या गावाची वंशावळ वाचून होते.

नॅकवाले आले, माझ्याशी बोलले. तुम्ही सध्या काय करता, असं त्यांनी आपुलकीने विचारलं. मी म्हटलं, "संघाचं काम." ते प्रसन्न झाले.

आता सुटका होईल असं वाटलं होतं. पण काकांनी बँकेचा फॉर्म पुढे केला. खात्यावर सही करणाऱ्यांपैकी एक कॅनडात, दुसरे वारलेले, उरले काका. तिथे माझी सही घालायची होती. व्यवसायाच्या रकान्यात मी 'नोकरीच्या शोधात' असं लिहिलं. काकांनी ते खोडून 'समाजसेवा' केलं. बँक म्हणाली, आधी चेंज रिपोर्ट आणा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. तो द्यायला गेलो, तर आधीचाच मंजूर व्हायचा होता, आणि त्याच्याही आधीचा. म्हणजे कागदावर अजून ज्यांची कार्यकारिणी चालू होती, त्यांच्यातले दोघे भिंतीवर हार घालून लटकत होते.

"काका, हे कधी निस्तरायचं?"

काकांनी चष्मा पुसला. "माझ्या नेमणुकीचा चेंज रिपोर्ट दिला तेव्हा मी नोकरीत होतो. अजून तारीख पडते." मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुझं वय काय? बावीस? मग काही हरकत नाही. तुझ्या हयातीत होईल."