शेठ, बाकीची एकोणीस टिंबं कुठून आणलीत?

प्रिय शेठ,


आपलं दुकान नगरच्या बाजारपेठेत आहे, एवढंच लिहितो. पाटीवरचं नाव लिहीत नाही; फुकटची जाहिरात कशाला?

आपण मला डिस्क प्लेअर विकलात, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. घरी पाच स्पीकर होते, वूफर होता, बऱ्यापैकी रिसीव्हर होता. नव्हता तो फक्त डिस्क चालवणारा डबा. आता डबा आहे. डिस्क तेवढी चालत नाही.

डेमो मात्र आपण झकास दिलात. युद्धपटातला रणगाडा असा धडधडवलात की काउंटरवरचं बिलबुक हललं. पण नगरच्या माणसाला रणगाडा ऐकवून काय मिळवलंत? लष्कराच्या के. के. रेंजवरचे धमाके आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, तेही फुकट. माझा प्रश्न एवढाच होता की या यंत्रातून डॉल्बी ट्रूएचडी बाहेर पडतो का. ‘डॉल्बी? आहे ना!’ म्हणत आपण बास वाढवलात. विसर्जनाच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाचा डॉल्बी म्हणजे दणदणाट असा समज होणारच. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. पण आपल्याकडे त्यांना कोण विचारतो?

खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘४के’ छापलं होतं. खाली, भिंगाने वाचावं अशा अक्षरांत, ‘अपस्केलिंग’. आपलं बोट नेमकं त्याच शब्दावर होतं, हे मला घरी आल्यावर कळलं. शेठ, आपण व्यापारी, हिशेब आपल्याला आवडतो, म्हणून मांडतो. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ टिंबांचं, म्हणजे ४,१४,७२० टिंबं. ४के पडदा ३८४० गुणिले २१६० चा, म्हणजे ८२,९४,४०० टिंबं. भागाकार करा, बरोबर वीस येतात. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस टिंबांत डिस्कवरचा माल एकाच टिंबाचा. बाकीची एकोणीस यंत्राने अंदाजाने भरलेली. एक लिटर दुधात एकोणीस लिटर पाणी घालून संगमनेरच्या एखाद्या संकलन केंद्रावर कॅन नेऊन बघा. डिग्री लावायच्या आधीच बाहेर काढतील. आपण तेच खोक्यात भरून, वर वॉरंटी देऊन विकता.

अपस्केलिंग वाईट असतं असं नाही. पण ते काम कोणताही ४के टीव्ही स्वतःच करतो. घरात जे होतंच, त्याचे आपण पुन्हा पैसे घेतलेत, एवढीच तक्रार.

भाच्याने न्यू जर्सीहून आणलेली ब्लू-रे डिस्क आपल्या डब्यात घातली, तर पडद्यावर ‘नो डिस्क’. डबा निघाला डीव्हीडीचाच. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा जांभळट ४०५ चा. लाल किरणाला त्या बारीक खुणा वाचताच येत नाहीत. आपण फोनवर म्हणालात, ‘सर, दोन दिवस चालवा, सेट होईल.’ लेझरची तरंगलांबी दोन दिवसांत सेट होते, हा शोध आपण कुठे नोंदवला आहे का?

मग आपण मोठ्या मनाने डबा बदलून दिलात, अर्थात वरचे पैसे घेऊन. या वेळी खरोखर ब्लू-रे प्लेअर मिळाला. त्याने डिस्क ओळखली, आणि ओळखून नाकारली. अमेरिकेतल्या ब्लू-रेला रीजन ए, भारतातल्या यंत्राला रीजन सी. डीव्हीडीतही तीच गंमत: त्यांचा १, आपला ५. भाचा अमेरिकेत राहतो हे मी दुकानात दोनदा सांगितलं, तेव्हा आपण ‘अरे वा, काय करतात?’ विचारलंत. रीजनचं विचारलं असतंत तर बरं झालं असतं. अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, आणि तसा प्लेअर दाखवा म्हणूनच मी आलो होतो. ‘ते आता कोणी घेत नाही’ म्हणालात. न घेणाऱ्यांत मला आपणच घातलंत.

आपल्या फिटरचंही कौतुक करायचं आहे. त्याने लाल-पांढऱ्या वायरी जोडल्या, दोन स्पीकर वाजले, चहा घेऊन तो गेला. बाकीचे तीन तसेच मुके. ऑप्टिकल वायरीतून साधा ५.१ डॉल्बी तरी येतो. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हवा तर रिसीव्हरपर्यंत एचडीएमआयच लागते. ती आपण विकलीत खरी, सोन्याचा मुलामा असलेली. मुलाम्याने टोकाला गंज चढत नाही. आवाजात सोनं उतरत नाही. शिवाय ती फिटरने पिशवीतून काढलीच नाही.

माल पडून आहे, काढायचा आहे, हे मला समजतं. ओप्पोने २०१८ मध्येच डिस्क प्लेअरच्या धंद्यातून अंग काढून घेतलं, २०२४ च्या अखेरीस एलजीनेही ब्लू-रे प्लेअर थांबवल्याच्या बातम्या आल्या. पण म्हणून गिऱ्हाइकाचं घर हे आपलं गोदाम होत नाही.

वाचकहो, तुम्ही अशा दुकानात जाल तेव्हा स्वतःच्या डिस्क घेऊन जा, यंत्र पाठमोरं करून घ्या आणि मागची भोकं बघा. पुढचा भाग शेठ दाखवतीलच.

आणि शेठ, बिल, खोकं आणि पिशवीतली वायर माझ्याकडे जपून ठेवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

आपला,
रीजन सी मधील एक गिऱ्हाईक