आपल्या डीफॉल्टपदाच्या अर्जाबाबत

श्री. रा. रा. नवे ब्राउझरसाहेब,
मुक्काम टास्कबार, डावीकडून तिसरे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, ऑफिसने आपल्याला आणल्यापासून आपण मला एकच प्रश्न विचारत आहात. सकाळी लॅपटॉप उघडला की विचारता, पीडीएफ उघडायला घेतली की विचारता, मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की सगळ्या टीमदेखत विचारता, "मला डीफॉल्ट करता का?" म्हणून एकदाचे लेखी उत्तर देऊन टाकतो. आपले नाव मात्र लिहीत नाही. एक तर कंपनीच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असे सही करून दिले आहे, आणि दुसरे म्हणजे आपले खरे नाव कोणते याचीच मला शंका आहे.

कुठल्याही वेबसाइटवर गेलात की आपण आपली ओळख एका ओळीत सांगता. आमच्या टीममधल्या पोरांनी ती ओळ मला उघडून दाखवली. सुरुवातच 'मोझिला ५.०'. मग 'ॲपलवेबकिट'. मग कंसात 'केएचटीएमएल, लाइक गेको'. मग 'क्रोम', मग 'सफारी', आणि हे सगळे झाल्यावर शेवटी आपण. यात दोष एकट्या आपला नाही, आजार खानदानी आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा जोर होता आणि त्याचे आतले नाव मोझिला. बऱ्याच साइट आपली सजवलेली पाने फक्त मोझिलालाच दाखवायच्या. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररने बिनदिक्कत सांगायला सुरुवात केली की मीही मोझिलाच. पुढे जो आला त्याने आधीच्यांची नावे आपल्या पुढे लावली, गाळले सहसा कुणी नाही. नेटस्केपला जाऊन जमाना झाला, तरी हिंजवडीतल्या लॅपटॉपांवरून दिवसभर त्याच्याच नावाने हजेरी लागते आहे. (कॉलेजात आम्ही प्रॉक्सी लावली की पालकांना बोलावणे यायचे.)

बरे, नावाचे सोडा. इंजिन तरी आपले आहे का? तेही क्रोमियम, गूगलने २००८ मध्ये क्रोमबरोबर खुले केलेले. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, झोहोचे उला, २०२५ मध्ये एआयचा टिळा लावून आलेले कॉमेट आणि ॲटलस, सगळ्यांच्या पोटात तेच. मायक्रोसॉफ्टएवढ्या बड्या कंपनीनेही स्वतःचे इंजिन गुंडाळून जानेवारी २०२० मध्ये हेच बसवलेले एज बाजारात आणले. वेगळे म्हणावे तर फायरफॉक्सचे गेको आणि ॲपलचे वेबकिट. त्यातही क्रोमियमचे इंजिन २०१३ मध्ये वेबकिटातूनच फुटून निघाले, आणि वेबकिट ज्यावरून उचलले ते केएचटीएमएल लिहिणारे बहुतेक जण केडीई प्रकल्पावरचे हौशी स्वयंसेवक होते. आमच्या ट्रेनिंगला मात्र स्लाइड होती, 'नवा ब्राउझर, नवा अनुभव'. अनुभव म्हणजे टॅबचे कोपरे गोल झाले आणि बुकमार्क डावीकडे गेले.

मग डीफॉल्टचा एवढा सोस कशाला? हे हिंजवडीकराला समजावून सांगावे लागत नाही. मुळशी तालुक्यातले हे शेतीचे गाव. साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला आलो होतो, तिथेच म्हणालो की कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी पार्क होऊ द्या, असे शरद पवार भाषणांत सांगतात. तेव्हापासून इथे पिकाला नाही, फ्रंटेजला भाव आहे. जमिनीचा एजंट फोनवर नमस्काराच्या आधी 'रोडटच' म्हणतो. तर साहेब, आपल्या डोक्यावर पत्ता टाइप करायची जी बारीक पट्टी आहे ना, तिच्याइतकी महाग रोडटच जागा जगात दुसरी नसेल. सफारीच्या पट्टीत आपलाच सर्च राहावा म्हणून गूगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर मोजले. म्हणजे दीड लाख कोटी रुपयांच्या वर. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली, तेव्हा सरकारी बाजूने मागणी केली की क्रोमच विकायला लावा. पुढच्या ऑगस्टमध्ये पर्प्लेक्सिटी नावाच्या एआय कंपनीने क्रोमसाठी ३४.५ अब्ज डॉलरची बोली लावून टाकली. स्वतःची किंमत त्याहून कमी, समोरच्याने जागा विकायला काढलेली नाही, आणि इसार शून्य. असला धीर आमच्या शेजारच्या मारुंजीच्या एजंटालाही व्हायचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी सांगितले, क्रोम विकायची गरज नाही.

त्या पट्टीत मी दिवसभर 'एचआर पोर्टल' आणि 'फेज थ्री ट्रॅफिक' एवढेच टाइप करतो, तरी ती आपल्याला का हवी हे मला समजते. व्यवहारात माझा वाटा किती, एवढेच आपण कधी काढले नाहीत.

देशी ब्राउझरची चर्चा खाली टपरीवर होते, म्हणून तेही लिहितो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा लावली आणि मार्च २०२५ मध्ये उलाला १ कोटीचे पहिले बक्षीस दिले. इंजिन कुणाचे ते वर आलेच आहे. पण स्पर्धेतल्या दोन मागण्या मला मनापासून पटल्या. आपल्या देशाच्या प्रमाणपत्र नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरने मानावे, आणि डिजिटल सही ब्राउझरमध्येच करता यावी. ज्याने एकदा तरी ऑनलाइन टेंडर भरले आहे त्याला दुसरीची किंमत विचारा. सही असते डोंगलमध्ये, डोंगल जाते यूएसबीत, आणि सही उमटवायचे काम करायचे जावाचे ॲप्लेट. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये असल्या प्लगइनना कायमचे दार लावले, आणि ऑफिसाऑफिसांत एक जुना इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टने त्याला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले खरे, पण एजमध्ये 'आयई मोड' नावाने किमान २०२९ पर्यंत मुदतवाढही दिली. आपल्या शेजारच्या आयकॉनमध्ये तो बसलेला असतो. आपण बघून न बघितल्यासारखे करता.

आता आपल्याबरोबर आलेल्या सामानाविषयी, म्हणजे ऑनलाइन ॲपविषयी. कंपनीने लॅपटॉपवरची जुनी लायसन्स काढून टाकली. पत्र, हिशेब, हजेरी, रजेचा अर्ज, कॅबचे बुकिंग, सगळे टॅबमध्ये. "सेव्ह करायचे विसरून जा, आपोआप होते," असे ट्रेनर म्हणाले. विसरणे सोपे नसते. अकाउंट्सच्या मॅडम आयुष्यभर दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबत आल्या आहेत. शीटमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण हजेरीच्या पानावर आपण त्याचा अर्थ 'हे पान डिस्कवर उतरवा' असा घेता, खिडकी उघडता, आणि मॅडम सवयीने एंटर मारून मोकळ्या होतात. महिनाअखेरीस त्यांच्या डाउनलोड फोल्डरात हजेरीच्या त्याच पानाचे ढीगभर जुळे भाऊ निघाले. डिस्क भरत आली म्हणून आयटीचा ताकीदवजा मेल मॅडमनाच.

उपकारही नोंदवतो. कॅब भूमकर चौकात रुतली की ऑनलाइन शीटचे महत्त्व पटते. एक जण शिवाजी चौकात, दुसरा विप्रो सर्कलला, तिसरा अजून फेज तीनच्या गेटमध्ये, आणि तिघे मिळून एकच टाइमशीट भरतात. घरी पोचेपर्यंत शुक्रवारचा रिपोर्ट होतो. रस्ते असेच राहिले तर ऑफिसच्या बिल्डिंगची गरज उरणार नाही.

पण चावी कुणाकडे? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीची मेल आणि टीम्स मायक्रोसॉफ्टने बंद केली. वाडीनारची वर्षाला २ कोटी टनांची रिफायनरी इथे, माणसे इथली, सेवेचे पैसे भरलेले, निर्बंध भारताने मानलेले नाहीत, तरी मेल उघडेना. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांनी सेवा परत आली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तर निर्बंधही नव्हते. संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर अडखळले आणि जगभरच्या असंख्य साइट आडव्या झाल्या. कुठली साइट बंद आहे हे सांगणारी डाउनडिटेक्टर, तिलाही झळ बसली. अशा वेळी आपण, आपले प्रतिस्पर्धी आणि तो वेगळ्या इंजिनाचा फायरफॉक्स, तिघेही एकच एरर तितक्याच वेगाने दाखवता. त्या वेगाबद्दल शंका नाही.

म्हणून मी ठरवले की निदान महिन्याचा हिशेब पेनड्राइव्हवर काढून ठेवावा. कंपनीने लॅपटॉपांचे यूएसबी सुरक्षेसाठी बंद केलेले आहेत, तेव्हा परवानगीसाठी तिकीट टाकले. आपल्यातल्या चकचकीत ॲपमध्ये टाकले. उत्तर आले की असली विनंती जुन्या पोर्टलवरच करावी. जुने पोर्टल आपल्यात उघडत नाही, आयई मोडमध्ये उघडते. तिथे फॉर्म भरला. चार दिवसांनी कळले की विनंती तत्त्वतः मान्य आहे, फक्त मॅनेजरची डिजिटल सही हवी. मॅनेजर सही करायला तयार आहेत. सही डोंगलमध्ये आहे. डोंगलला यूएसबी लागते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
हिंजवडी फेज दोनमधला एक वापरकर्ता