कॉलरबुवा

अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या गावांत शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात नाहीतर टाउन हॉलमध्ये ‘फॅमिली डान्स’ भरतो. एक फिडल, एक पियानो, कुणी मिळालंच तर अकॉर्डियन. आणि माइकपाशी कॉलर, म्हणजे नाचणाऱ्यांना पुढची चाल ओरडून सांगणारा माणूस. मुरलेला कॉलर कुणाच्या लक्षात राहत नाही. नवशिका मात्र विसरू म्हणता विसरत नाही. आमच्या घरात त्याला ‘कॉलरबुवा’ असं नाव पडलं आहे.

कॉलरबुवा बहुधा पन्नाशी उलटलेले, पेशाने इंजिनिअर आणि नाचण्यात वर्षानुवर्षं मुरलेले असतात. घोळ इथेच होतो. पायांना सगळं पाठ असतं, पण पायांनी ते तोंडाला कधी कळवलेलं नसतं. त्यामुळे तयारी घरी जेवणाच्या टेबलावर चालते. मिठाची आणि मिरपुडीची बाटली ही पहिली जोडी, मोहरीची चटणी आणि केचप ही दुसरी. बुवा तोंडाने आठ-आठ ठोके मोजत त्यांना फिरवत असतात. बायकोने सुपात घालायला मीठ उचललं की कळवळून ओरडतात, ‘अगं, ती आत्ता कमानीखालून चाललीय!’

खरी मेख आहे ती ठोक्यांची. एका आवर्तनाचे ठोके चौसष्ट, आणि बँड रंगात असला की आवर्तन अर्ध्या मिनिटात संपतं. बहुतेक चाली आठ ठोक्यांच्या. पण चाल सांगायची ती आधीची चाल संपत आलेली असताना, शेवटच्या दोन-चार ठोक्यांत. ऐन समेवर तोंड उघडलं तर निम्मा हॉल डावीकडे गेलेला असतो आणि उरलेला निम्मा माइककडे बघत उभा. दोन-चार ठोक्यांत शब्द मावतात तीन, फार तर चार. बुवांना एवढ्यात नुसता घसा खाकरता येतो.

कारण बुवांना समजावून सांगायचं असतं. खिशात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा असतो. वर्तुळाच्या नाचांची कार्डं निळी, समोरासमोरच्या रांगांची पिवळी, मागच्या बाजूला टिपा. पोरं एकमेकांचे हात धरून ताटकळलेली असतात आणि बुवा सांगत असतात, की लंडनच्या जॉन प्लेफर्डने 1651 मध्ये छापलेल्या नाचांच्या पुस्तकात 105 नाच होते, आणि ‘व्हर्जिनिया रील’ हा मुळात इंग्लंडातला ‘सर रॉजर डी कव्हर्ली’. माहिती सोळा आणे खरी. पण तोवर पहिल्या रांगेतली तीन मुलं पायमोज्यांवर घसरत स्टेजखाली पोचलेली असतात, आणि एक आजोबा, ज्यांचा गुडघा नवा आहे, खुर्ची शोधायला गेलेले असतात.

आमच्या शाळेत लेझीम बसवणारे पी.टी.चे सर सगळं काम एका शिट्टीवर भागवायचे, हे मला अशा वेळी हटकून आठवतं.

बुवा म्हणतात, ‘आता घड्याळाच्या दिशेने फिरा.’ एक सात वर्षांची मुलगी भिंतीवर घड्याळ कुठे आहे ते शोधू लागते. मुरलेले कॉलर डावं-उजवंसुद्धा टाळतात. ‘खिडकीकडे’, ‘बँडकडे’ म्हणतात, आणि मोठ्या माणसांनाही त्याचाच जास्त उपयोग होतो. काय करू नये हेही ते कधी सांगत नाहीत. बुवा ते आवर्जून सांगतात. ‘इतक्यात पळायचं नाही!’ हॉलच्या त्या टोकाला यातला एकच शब्द ऐकू जातो, आणि वीस पोरं मधल्या वाटेने सुसाट सुटतात.

‘जोडीदार निवडा’ हे बुवांचं दुसरं आवडतं वाक्य. त्यावर भाऊ बहिणीचा हात धरायला साफ नकार देतो, एक मुलगी रडवेली होते, आणि हौशी बाप उगीचच घामाघूम. खरं तर फॅमिली डान्सची सुरुवात जोडीदार लागतच नाही अशा मोठ्या वर्तुळाने करावी, हे बुवांच्याच एका निळ्या कार्डावर लिहिलेलं आहे. पण ते कार्ड गठ्ठ्यात खाली आहे.

एकदाचा नाच सुरू होतो. फिडलवाल्या आजी चार ठोके खरवडून उठाव देतात (इकडच्या वादकांच्या बोलीत त्याला ‘चार बटाटे’ म्हणतात) आणि बुवा दुसऱ्याच बटाट्याला बोलायला लागतात. नाच थांबवायच्या वेळी तर त्याहून बिकट प्रसंग. ‘आता एकच आवर्तन’ अशी खूण कॉलरने बँडला बोट वर करून द्यायची असते. बुवांच्या एका हातात माइक, दुसऱ्यात कार्डं. बोट येणार कुठून? बँड वाजवत राहतो, माणसं धापा टाकत नाचत राहतात, आणि बुवांना वाटतं, आज रंग भरला.

परवा मात्र गंमत झाली. रबरबँड तुटला, आणि निळी-पिवळी कार्डं नाचणाऱ्यांच्या पायांत पसरली. बुवांच्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात पोरांनी आपणच हात धरून मध्ये धाव घेतली, ‘हेऽऽ’ करून ओरडली आणि मागे आली. बुवा बघत राहिले आणि पुढच्या खेपेला, बरोबर चार ठोके आधी, म्हणाले, ‘मध्ये चला!’ मग, ‘मागे या!’ सगळा हॉल एका पावलाने गेला आणि आला. नव्या गुडघ्याचे आजोबासुद्धा.

नाच संपल्यावर फिडलवाल्या आजी गज पुसत म्हणाल्या, ‘असंच करायचं. ते जे करतायत तेच सांगायचं. आणि कार्डं घरी ठेवायची.’

बुवा भारावले. खिसे चाचपून एक कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि म्हणाले, ‘जरा पुन्हा सांगता? लिहून घेतो.’