दोन दिवसांत मुंबई, व्हाया डोंबिवली

डोंबिवलीकराचं गाव विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. दादरमध्ये कुणी विचारलं तर तो डोंबिवलीचा असतो, आणि विचारणारा "बाप रे, रोज येता?" म्हणून कळवळतो. पुण्यात विचारलं तर तो मुंबईजवळ राहतो. नागपुरात लग्नाच्या पंगतीत विचारलं तर मात्र "मुंबईला असतो" असं सांगून मोकळा होतो. समोर मठ्ठा आणि जिलबी असताना ठाकुर्ली आणि कुलाबा यांतला फरक कोण समजावत बसणार? अशा पंगतींत मी वर्षानुवर्षं मुंबईकर म्हणून जेवलो. त्याची वसुली यंदा जानेवारीत झाली. साडूंचा फोन आला.

"साडूभाऊ, शनिवार-रविवार येऊन राहिलो सगळे. पोरं म्हणतात, मुंबई पाहाची आहे. तुम्ही तं तिथलेच."

आता मुंबई मला पाठ आहे यात शंका नाही. घाटकोपरला कोणत्या डब्यातून उतरलं की मेट्रोचा जिना समोर येतो, दादरचा मधला पूल गाठायचा तर कुठे उभं राहायचं, कुर्ल्याला फलाट कोणत्या हाताला येतो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. खरं तर झोपेतच सांगतो, कारण मुलुंड ते परळ मी सहसा जागा नसतो. पण माझी ही मुंबई आहे ४८ किलोमीटर लांब आणि रुळांपलीकडच्या भिंतीपर्यंत रुंद. त्या भिंतीपलीकडचं शहर मी ऐकून आहे. म्हातारीचा बूट शाळेच्या सहलीत पाहिला. गेटवेला शेवटचा गेलो तेव्हा तिथे उभं राहून फोटो काढून देणारे लोक पोट भरत होते. राजाबाई टॉवर मी पाहतो, पण तो ऑफिसला उशीर किती झाला ते कळायला.

साडूंची यादी दुसऱ्याच दिवशी आली. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू, सी लिंक, शाहरुखचा बंगला आणि शेवटी "शूटिंग (कोणतंही)". बायकोनं त्यात दादरच्या साड्या आणि क्रॉफर्ड मार्केट घातलं. हे पाहुण्यांसाठी, असं तिचं म्हणणं. आमच्या चिरंजीवांनी कोस्टल रोडची भर टाकली. आई जपमाळ ओढत होती. ती थांबवून म्हणाली, "आणि टिटवाळा."

"आई, टिटवाळा मुंबईत नाही."

"डोंबिवली तरी कुठे आहे?"

या वाक्याला आमच्या घरात आजवर उत्तर निघालेलं नाही. पण भूगोल माझ्या बाजूनं होता. टिटवाळा कल्याणच्याही पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. पाहुणे विदर्भ एक्स्प्रेसनं येणार, म्हणजे पहाटे झोपेत टिटवाळ्यावरूनच येणार. कल्याणला उतरवून, घरी आणून, चहा पाजून त्यांना पुन्हा आल्या वाटेनं मागे न्यायचं, असा हा बेत. हे मी आईला कागदावर रेघ ओढून दाखवलं. तिनं रेघ नीट पाहिली आणि म्हणाली, "मग त्यांना सांग, साखळी ओढून तिथेच उतरा."

बेताला खरा आकार दिला तो माझ्या पासानं. तिमाही पास, डोंबिवली ते सीएसएमटी, रविवारीही चालतो. ज्याच्या खिशात पास आहे त्याला पासाबाहेरचं सृष्टिसौंदर्य दिसत नाही. जुहू पासाबाहेर. शाहरुख पासाबाहेर. सिद्धिविनायक अर्धवट, म्हणजे दादरला उतरून पुढचं आपापल्या पुण्याईवर. बायको म्हणाली, "पास तुझा एकट्याचा आहे. ते सगळे तिकीट काढूनच येणार आहेत." हे खरं होतं, पण म्हणून तत्त्व सोडायचं?

घारापुरीवर तर घरात दोन तट पडले. लेणी सोमवारी बंद, आपण शनिवारी जाणार, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण गेटवेहून बोटीनं तासभर, वर पायऱ्या, मग ती अठरा-वीस फुटांची त्रिमूर्ती, पुन्हा तासभर बोट, आणि डोंबिवलीहून येणं-जाणं वेगळं. चिरंजीवांनी फोनमधून माहिती काढली की ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. मी हे ऐकून उठूनच बसलो. भायखळा! पासावर! जलद गाडी थांबते! घारापुरीचा हत्ती, बागेतले पेंग्विन आणि १८७२ सालचं संग्रहालय एका फलाटावर उतरून. "आणि लेणी?" बायकोनं विचारलं. मी म्हटलं, लेणी हत्तीबरोबर यायला हवी होती, त्याला मी काय करू?

संध्याकाळच्या गाडीत आमच्या ग्रुपपुढे हा विषय निघाला. ग्रुपमध्ये ठाण्याचे एक गृहस्थ आहेत. ठाणेकराचं मुंबईविषयी मत असं असतं, की ती मुलुंडला संपते ते बरंच आहे. "मुंबई कसली दाखवता? ठाणं दाखवा," ते म्हणाले. तलावपाळी, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, येऊर आणि मामलेदारची मिसळ, एवढं त्यांनी विक्रोळी ते भांडुप सांगितलं. मग खास ठेवणीतला मुद्दा काढला. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १६ एप्रिल १८५३. "वार कोणता होता माहितीय? शनिवार! दुपारी ३.३५ ला निघाले, ठाण्यात तंबू ठोकले होते, तिथे खाल्लंप्यायलं, संध्याकाळी परत. ही काय होती? वीकेंडची सहलच होती ना? मुंबईची चारशे प्रतिष्ठित माणसं कुठे आली फिरायला? ठाण्याला!"

मी मनातल्या मनात भागाकार केला. चारशे पाहुणे, चौदा डबे. डब्याला अठ्ठावीस माणसं. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. आज अठ्ठावीस माणसं आमच्या दोन बाकांमधल्या जागेत उभी असतात आणि त्या गाडीला मिळाली तशी एकवीस तोफांची सलामी सोडा, साधं कुणी "सरका" म्हणत नाही. सरकायला जागा असावी लागते. चौथ्या सीटवर अर्धा बसलेला माणूस इतिहास असा फार जवळून वाचतो.

मग चिरंजीवांनी फ्लेमिंगो काढले. ठाणे खाडीचं अभयारण्य, ऐरोलीहून बोट, हिवाळ्यात पक्षी हमखास. २०२२ पासून ही जागा रामसर यादीतही आहे, असं तो म्हणाला. कल्पना मला आवडली, कारण ठाण्याहून ऐरोलीला गाडी आहे. पण तिथली बोट भरती-ओहोटी पाहून सुटते. म्हणजे आता लोकलच्या वेळापत्रकाशेजारी समुद्राचं वेळापत्रक मांडून बसायचं. मी लोकलला वर्षानुवर्षं समजून घेतोय, चंद्राला घेणं या वयात जमणार नाही, असं सांगून मी तो विषय मिटवला.

तरी अखेर बेत ठरला. शनिवारी सकाळी सीएसएमटी, गेटवेजवळचं संग्रहालय, गेटवे, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर समुद्र. नागपूरच्या पोरांना समुद्र मिळाला की बाकी काही चुकलं तरी खपतं. रविवारी राणीची बाग आणि हत्ती, येताना ठाण्यात मिसळ. बायकोनं हे वहीच्या पानावर लिहून फ्रिजला लावलं. टिटवाळा त्यात नव्हता. आईनं पान वाचलं आणि काही बोलली नाही. आई बोलली नाही की मी सावध व्हायला हवं, हे मला कळतं.

शनिवारी पहाटे कल्याणला त्यांना उतरवून घेतलं. घरी आंघोळी, पोहे. पोह्यांवर तर्री का नाही, अशी मेव्हणीच्या थोरल्यानं चौकशी केली. मग नेहमीच्या डोंबिवली लोकलला निघालो, कारण साडूंचा एकच हट्ट होता: "साडूभाऊ, ते गर्दी पाहाची आहे. टीव्हीत दाखवतात ते." बायको, मेव्हणी आणि पोरं लेडीज डब्यात गेली. शनिवार असल्यामुळे गर्दी बेताची, म्हणजे दोन्ही पाय खाली टेकतील इतकी.

डोंबिवलीहून सुटणारी गाडी डोंबिवलीला रिकामी येते, हा गैरसमज बाहेरगावच्या लोकांचा असतो. ती मुंबईकडून येतानाच दिवा-मुंब्र्याला उलट चढलेली मंडळी खिडक्या धरून बसलेली असतात. आमच्या ग्रुपमधल्या खिडकीवर एक काका बसतात. त्या खिडकीवर त्यांचा हक्क सातबाऱ्यावर लावण्याइतका पक्का आहे. वारा त्यांच्या परवानगीनं आत येतो. मी साडूंची ओळख करून दिली, "हे नागपूरहून आलेत, पहिल्यांदाच." काका उभे राहिले. उभे! रुमालानं सीट झटकली आणि म्हणाले, "या, बसा. पाहुणे आहात." साडू बसले. त्यांच्या शेजारी एकानं राजगिऱ्याचा लाडू काढून दिला. पारसिकचा डोंगर आला तेव्हा चौघांनी मिळून त्यांना डोंगर समजावून सांगितला. कळव्याच्या पुलावर खाडी दाखवली. भजनवाल्यांनी त्यांना टाळ दिले. ही खिडकी मला या गाडीत कधी मिळालेली नाही, आणि मी हे सगळं समोर उभा राहून, दोन माणसांच्या खांद्यांमधल्या फटीतून पाहत होतो. सीएसएमटीला उतरताना साडू म्हणाले, "मस्त आहे ना जी तुमचं. रोज मजा!"

स्टेशनबाहेर येऊन ते रस्त्यापलीकडे गेले, वळले आणि मान वर करून उभेच राहिले. मलाही थांबावं लागलं. मी सहसा सब-वेत शिरतो आणि ऑफिसच्या बाजूला वर येतो, त्यामुळे इमारत डोक्यावरच राहते.

"घुमटावरची ते बाई कोण?" साडूंनी विचारलं.

खरोखरच घुमटावर एक बाई होती. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. खाली फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतीतून बाहेर झुकलेली तोंडं, मोर, माकडं, पानंफुलं, कोरीव कामाला अंतच नव्हता.

"मी खालून जातो," मी म्हटलं.

चिरंजीवांनी फोनवर वाचून सांगितलं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ ला सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून जागतिक वारसा. बाई म्हणजे प्रगती. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. साडू मला म्हणाले, "तुम्हाला माहीत असेलच हे सारं." मी मान हलवली. मुंबईकराला पंगतीच्या मिठाला जागावं लागतं.

दिवस छान गेला. संग्रहालयात साडू बराच वेळ रेंगाळले, मेव्हणी गेटवेला कबुतरांत रमली, पोरांनी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर पाय सोडून समुद्राला यथेच्छ हाका मारल्या. मी येणारी गाडी जलद की धीमी याची काळजी केली. सहलीत माझा एवढाच वाटा होता.

रात्री घरी आलो तर टीपॉयवर सकाळचं वर्तमानपत्र पद्धतशीर घडी घालून ठेवलेलं होतं. चौकट वर येईल अशी घडी. रविवारी माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर मेगाब्लॉक, सकाळी अकरा ते दुपारी चार. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवणार, सुमारे पंधरा मिनिटं उशीर. आठवड्याला एकदा रुळांना, तारांना हात लावावाच लागतो, त्यात वादाला जागा नाही. पण रविवारी दुपारी, दोन कुटुंबांसह, राणीच्या बागेच्या गर्दीतून निघून त्या पंधरा मिनिटांत उडी मारायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि फ्रिजवरच्या पानाचीही नव्हती.

"ब्लॉक कल्याणच्या पुढे नाही ना रे?" आईनं आतून विचारलं.

"नाही."

"मग कसाऱ्याची गाडी वेळेवर असेल. मोदकांचं सारण करून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टिटवाळ्याला होतो. शकुंतलेची आणि कण्वमुनींची कथा आईनं पाहुण्यांना रांगेत उभ्या उभ्या सांगितली. रांग लांब असल्यामुळे दुष्यंतालाही पुरेसा वेळ मिळाला. साडूंना देऊळ, तळं, रिक्षा सगळंच आवडलं. येताना गाडीत ते म्हणाले, "मुंबई मोठी आहे जी. कुठपर्यंत पसरली आहे!" शहाडपर्यंत त्यांना कुणी दुरुस्त केलं नाही.

दुपारी जेवताना त्यांनी उलट आमंत्रण दिलं. "आता तुम्ही या. दोन दिवसांत सारं नागपूर दाखवतो."

"सीताबर्डीचा किल्ला पाहायचाय मला," बायको म्हणाली.

"तो वर्षातून तीनच दिवस उघडते. सव्वीस जानेवारी, एक मे आन पंधरा ऑगस्ट."

"आतून कसा आहे?"

साडूंनी वरणाकडे पाहिलं. "मी तं खालून जातो ना रोज. ऑफिसले."

चिरंजीवांनी लगेच फोनमध्ये दिनदर्शिका उघडली. पंधरा ऑगस्ट शनिवारी येतो. विदर्भ एक्स्प्रेसनं शुक्रवारी निघायचं, शनिवारी किल्ला, रविवारी दीक्षाभूमी आणि संत्र्याची बर्फी. बायको वही शोधायला उठली.

"अदासाचा गणपती तुमच्याकडेच ना?" आईनं भात कालवता कालवता विचारलं. "नागपूरहून किती लांब?"

"असेल चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर."

"म्हणजे व्हीटीएवढंच की," आई म्हणाली. "सकाळी जाऊन येऊ."