न्यू जर्सीच्या पॅलाडिनास, स. न. वि. वि.

धर्मरक्षक, दुष्टनिर्दालक, सातव्या लेव्हलचे पॅलाडिन, मुक्काम न्यू जर्सी, यांस,

रविवार, २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री आठला आपण कॉलवर प्रकट झालात आणि वदलात, "अरे वा, आज सगळे माझ्या आधी!" आपल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ चालवणारा डन्जन मास्टर या नात्याने या वाक्याची नोंद घेणं मला भाग आहे. सेशन सातचं होतं. आपल्या अमेरिकेने त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे घेतली होती. त्यामुळे आमचे सात म्हणजे आपले साडेनऊ हे गणित संपून आपले साडेआठ झाले होते. हे मी ग्रुपवर गुरुवारी लिहिलं, शनिवारी पुन्हा लिहिलं, आणि आपण खाली अंगठा टाकलात. मी त्याला होकार समजलो. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे शाळेत शिकूनही विसरलो, ही चूक माझीच.

लंडनची घड्याळं तर आठवडाभर आधीच, २६ ऑक्टोबरला मागे गेली होती. तिथला आपला चोर (मूळ शब्द 'रोग', पण मराठीत लिहिला की भलताच अर्थ निघतो) दुपारी दीडला जेवणाचं ताट घेऊन स्क्रीनसमोर बसला होता. ज्याचा धंदाच चोरीचा, तो वेळेला पक्का. आणि ज्याने देवापुढे शपथ घेतली आहे तो... असो.

आता त्या एका तासाचा हिशोब. तळघराच्या लोखंडी दाराची किल्ली मागच्या खेपेला आपण मोठ्या रुबाबात स्वतःच्या सामानात लिहून घेतलीत. परिणामी तीन शूरवीर त्या दारासमोर तासभर उभे राहिले. नाशिकच्या धर्मगुरूने प्रार्थना केली. बंगळुरूच्या जादूगाराने दार जाळू या असं सुचवलं. दार लोखंडी आहे हे त्याला तीनदा सांगावं लागलं. चोराने कुलूप उचकटायला वीस बाजूंचा फासा टाकला: तीन, मग पाच, मग एक. हत्यार मोडलं. त्यानंतर नाशिकची वीज गेली आणि बंगळुरूच्या माइकमधून कुकरच्या शिट्ट्या आल्या. पण त्यांच्यावर मी रागावलेलो नाही. ते होते.

दार मी फुकटात उघडून देऊ शकलो असतो. दिलं नाही, कारण दाराआड साखळदंडांत आपला भाऊ होता. पहिल्या सेशनला आपणच सांगितलेला, लहानपणी हरवलेला, बाकी सगळे ज्याला विसरले तो भाऊ. त्याच्यासाठी मी तीन रात्री जागलो. ऑनलाइन नकाशावर प्रत्येक भिंतीची रेघ हाताने ओढावी लागते, नाहीतर मशालीचा उजेड भिंतीतून आरपार जातो आणि पलीकडे कोण आहे ते सगळ्यांना आधीच दिसतं. चौदा पहारेकरी एकेक करून मांडले. भावाचा आवाज आरशासमोर घोटवला, बायकोने दाराबाहेरून विचारलं, "घसा बसलाय का?"

आपण आलात. किल्ली काढलीत. दार उघडलं. भावाने मान वर केली, मी घसा खाकरला, आणि आपण म्हणालात, "मला वीस मिनिटांत निघायचंय हं."

वीस मिनिटं! अरे, बारा वर्षांनी भाऊ भेटतोय तुला आणि तू घड्याळ बघतोस? चार माणसं, तीन देश, महिनाभर खटपट करून मिळालेला एक रविवार! दाते पंचांगात लग्नामुंजीचे मुहूर्त आयते मिळतात, हा माझा मलाच काढावा लागतो. आणि तुझं काय? "जमवतो रे." आयुष्यभर तू फक्त जमवतोच आहेस.

१९७४ साली ज्यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला, ते गायगॅक्स आणि आर्नेसनही एका गावात राहत नव्हते. एक विस्कॉन्सिनमध्ये, दुसरा मिनेसोटात; फोन आणि टपालावर खेळ उभा केला त्यांनी. पण दोघांची घड्याळं निदान एकच वेळ दाखवायची. आणि दोघं फोन उचलायचे!

हे पत्र इथेच संपणार होतं. पण त्या दिवशी तू "चलो, बाय" म्हणालास आणि माइक बंद व्हायच्या आधी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग पट्टा न लावल्याची टिंग टिंग. आम्ही हसलो. नंतर नाशिककराने सांगितलं की वहिनी रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या रात्रपाळीहून येऊन झोपते, घर एका खोलीचं, म्हणून तू खाली गाडीत बसून खेळतोस. नोव्हेंबरात. दहाला तुझी स्वतःची ड्यूटी. म्हणजे मी ओढलेल्या सगळ्या भिंती तू तळहाताएवढ्या मोबाइलवर बघत होतास, आणि सहा महिन्यांत एकदाही बोलला नाहीस. गाढवा, सांगायचं नाही का?

पुढचं सेशन १६ नोव्हेंबरला. आमचे सात, तुझे साडेआठ. भाऊ अजून साखळदंडांतच आहे, चौदा पहारेकरीही. गाडीत पांघरूण ठेव.

तुझा,
डीएम, पुणे

ता. क. : ८ मार्च २०२६ ला तुमची घड्याळं पुन्हा पुढे जातील, लंडनची थेट २९ ला. मधल्या तीन आठवड्यांच्या वेळा वेगळ्या कळवीन. खाली अंगठा टाकू नकोस, 'हो' असं लिही.